चाकाची बैठक आणि ब्रेकची जागा

सोलापूरच्या एस. टी. स्थानकांत उभ्या असलेल्या कोणत्याही बसच्या चाकांकडे क्षणभर नीट पाहिलें, तर एक गंमत दृष्टीस पडते. पुढच्या चाकाचा मधला भाग पोट पुढें काढल्यासारखा बाहेर आलेला असतो, आणि मागच्या चाकाचा तोच भाग परातीच्या तळासारखा आंत गेलेला असतो. पाहणारास वाटावें कीं, हीं दोन निरनिराळ्या जातींचीं चाकें आहेत. वस्तुतः तीं एकाच सांच्यांतून निघालेलीं असतात. पुढें बसवितांना चाकाची फुगीर बाजू बाहेर ठेवली, मागें तेंच चाक उलटें करून बसविलें, एवढाच काय तो फरक. मागें एकेका बाजूस दोन दोन चाकें जोडावयाचीं असल्यामुळें दोहोंच्या मधल्या तबकड्या एकमेकींस भिडतात आणि टायर धरणारीं कडीं परस्परांपासून दूर राहतात. कडें ज्या पातळींत फिरतें ती पातळी, आणि चाक ज्या पातळींत हबवर टेकतें ती पातळी, या दोन पातळ्या एक नव्हेत. त्या दोहोंमध्यें जें अंतर असतें त्यास मोटारीच्या धंद्यांत ऑफसेट म्हणतात.

हें अंतर कोणी शोभेसाठीं ठेविलेलें नाहीं. पुढच्या चाकाच्या त्या फुगवट्यामागें जी पोकळी तयार होते ती ब्रेकचें घर होय. चाकाचा घेर, त्याची चकाकी, त्याच्या आऱ्यांची नक्षी यांकडे सर्वांचेंच लक्ष जातें. त्याच्या पोटांत काय दडलें आहे, हें चाक उतरविणाऱ्या कारागिरालाच ठाऊक असतें. परंतु चाक बदललें म्हणजे ब्रेकला जागा उरते कीं नाहीं, हा प्रश्न आजकालच्या शौकीन मंडळींनीं प्रथम निर्माण केला असें मात्र नाहीं. तो मोटारीच्या बालपणापासूनचा आहे. आणि सोलापूर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर तो बैलगाडीच्या वाटेनेंही येऊन गेलेला आहे.

दख्खनच्या बैलगाडीचें चाक म्हणजे तुंबा, आरे, पुठे आणि त्यांवर चढविलेली लोखंडी धाव. धाव भट्टींत तापविली कीं फुगे, चाकावर सैल चढे, आणि पाणी मारतांच आवळून सगळे सांधे एकजीव करी. तुंबा आंसावर मोकळा फिरत असे. चालतां चालतां तो अर्धें बोट इकडे किंवा तिकडे सरकला, तरी वंगण खाऊन थोडा आवाज करी, यापलीकडे कांहीं बिघडत नसे. न बिघडण्याचें कारण असें कीं, गाडीला थोपविणारें साधन चाकाच्या आंत नव्हतेंच. घाटांत किंवा मोठ्या उतारावर गाडीवान एक आडवें लाकूड दोरीनें ओढून धावेवर दाबून धरी. लाकूड झिजे, धावेला कांहीं होत नसे, आणि घर्षणानें निर्माण झालेली उष्णता उघड्या हवेंत निघून जाई. लाकूड संपलें तर दुसरें बसवावयाला सुतारसुद्धां लागत नसे. ब्रेकचा विचार करतां यापेक्षां निर्मळ व्यवस्था पुढें कधीं झाली नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आगगाडीनेंही हाच मार्ग पत्करला. सोलापुरास मोठी आगगाडी १८६० सालीं आली. पण या जिल्ह्याचें खरें स्वतःचें असें लोहमार्गाचें वैभव म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियरानें २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर १८९७ सालीं ती सुरू केली. त्याचा मुख्य आग्रह असा कीं, एंजिन असो वा मालडबा असो, कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये, म्हणजे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेतां येईल. भार कोणत्या चाकावर, किती आणि कोठें पडतो, याचा इतका चोख हिशेब त्या काळीं फार थोड्यांनीं केला होता. तथापि चाक आणि ब्रेक यांची ओढाताण तेथें उद्भवली नाहीं. चाकाची जागा रुळांनीं कायमची ठरवून दिलेली, आणि ब्रेकचा बिडाचा ठोकळा बैलगाडीच्या लांकडाप्रमाणेंच चाकाच्या पाठीवर बाहेरून दाबला जाणारा. हा ठोकळा लोखंडावर टेकत होता तोंवर सर्व ठीक होतें. रबर आलें आणि ही जुनी सोय संपली.

डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनें १८८८ सालीं बेलफास्ट येथें हवेचा टायर सिद्ध केला तो सायकलीसाठीं. १८९५ सालच्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतींत मिशेलीन बंधूंनीं तो मोटारीवर चढविला. त्यापूर्वीं मोटारींना भरीव चाकें असत व त्यांवर ठोकळा दाबून गाडी थांबवीत. हवा भरलेल्या टायरवर ठोकळा दाबणें म्हणजे टायर जाळणें होय. तेव्हां ब्रेकला चाकाची पाठ सोडणें प्राप्त झालें. प्रथम तो आंसावरील अगर यंत्रांतील एखाद्या चकतीभोंवतीं पट्टा आवळण्याच्या रूपानें राहिला. पुढें १९०२ सालीं लुई रेनॉ या फ्रेंच कारखानदारानें ड्रमच्या आंत दोन चंद्रकोरी आकाराचे जोडे ठेवून ते बाहेर फाकविण्याची युक्ति पुढें आणली. आजही ट्रकमध्यें व लहान मोटारींच्या मागच्या चाकांत जो ड्रम ब्रेक असतो तो याच कुळांतला. बाहेर राहणारा ब्रेक अशा रीतीनें चाकाच्या घरांत भाडेकरू म्हणून आला. आणि घर लहान, बिऱ्हाड मोठें, अशी स्थिति त्या दिवसापासून आहे. गाडी जड व वेगवान होत गेली तसतसा ड्रम मोठा हवा; पण ड्रम चाकाच्या कड्याहून मोठा होऊं शकत नाहीं, आणि दोहोंमध्यें हवा खेळण्यापुरती फट राहिलीच पाहिजे.

युरोपांत १८९५ च्या सुमारास जें घडलें, तेंच सोलापूर जिल्ह्याच्या ऊंसपट्ट्यांत पुढें एका वेगळ्या वेषानें घडलें, आणि तें अधिक विचार करण्याजोगें आहे. १९३० नंतरच्या दशकांत माळशिरस तालुक्यांत माळीनगर, श्रीपूर या ठिकाणीं साखर कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटला कीं ऊंस आला, आणि ऊंस म्हटला कीं गाड्या आल्या. लोखंडी धावेचीं चाकें मऊ मातींत रुततात आणि पक्क्या रस्त्याचें खडीकाम उखडतात. म्हणून लांकडी चाकें काढून त्यांच्या जागीं पोलादी आंस, बेअरिंग व हवेचे टायर बसविण्याची चाल पुढें रूढ झाली. डनलॉप कंपनीचा बंगालमधील साहागंजचा कारखाना १९३६ सालीं निघाला, आणि अशा गाडीस पुष्कळ ठिकाणीं डनलॉप गाडी हेंच नांव पडलें. आपल्याकडे ती टायरगाडी. ओढावयास ती इतकी हलकी कीं, त्याच बैलजोडीवर पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक ऊंस लादला जाऊं लागला.

पण या बदलांत एक गोष्ट हिशेबांतून गळून पडली. धावेवर दाबावयाचें तें लाकूड रबरावर दाबतां येईना. मोटारवाल्यांनीं अशा वेळीं ब्रेक चाकाच्या आंत नेला. टायरगाडीच्या तुंब्यांत मात्र कोणी ड्रम बसविला नाहीं, कारण तेवढा खर्च ऊंसाच्या गाडीस परवडणारा नव्हता. परिणाम असा झाला कीं, चाक सुधारलें, ओझें वाढलें, आणि थोपविण्याचें काम सर्वस्वीं बैलांवर येऊन पडलें. कालव्याच्या पुलावरून गाडी उतरूं लागली म्हणजे जूं पुढें सरकून शिंगांच्या मुळाशीं येतें, आणि बैल मान वर करून, पाय रोवून, सगळें ओझें मागें रेटूं पाहतात. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनीं भारतांतील बैलगाडीच्या सुधारणेसाठीं अनेक वर्षें खटपट केली. गाडीला ब्रेक नसणें व त्याची शिक्षा जनावराच्या मानेनें भोगणें, हें त्यांच्या तक्रारींपैकीं एक मुख्य कलम होतें. ज्यानें चाक बदललें त्यानें वाईट हेतूनें बदललें नव्हतें. त्यानें चाक पाहिलें, ब्रेक पाहिला नाहीं, एवढेंच.

मोटारीच्या चाकाच्या इतिहासाकडे वळतांना एका शब्दाची फोड येथेंच करून ठेवणें बरें. पंक्चर झाल्यावर लावावयाच्या जादा चाकाला महाराष्ट्रांत लहानथोर सारे स्टेपनी म्हणतात. हें वेल्समधील लानेली गांवच्या एका रस्त्याचें नांव. तेथें डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास आरे नसलेलें, टायर चढविलेलें एक नुसतें कडें विकावयास काढलें. त्या काळीं चाकें आंसावरून सहज निघत नसत. म्हणून पंक्चर झालेल्या चाकाच्या कुशीस हें कडें बाहेरून आवळून बांधावयाचें आणि मुक्काम गांठावयाचा. म्हणजे स्टेपनी लावलेली गाडी मूळ चाकाच्या जागेवर चालत नसे, तर त्याच्या बाहेर चार बोटें सरकून चाले. आंसाच्या टोकांवर व बेअरिंगांवर त्याचा ताण पडे. ऑफसेट बदलल्यानें काय होतें याचा हा मोटारयुगांतील पहिलाच मोठा धडा म्हणावा लागेल. तें कडें केव्हांच नाहींसें झालें. त्याच्या रस्त्याचें नांव तेवढें मराठींत राहिलें.

पुढें चाकेंच सुटीं होऊं लागलीं. तारांचीं आलीं, पत्र्याचीं दाबून केलेलीं आलीं. १९२४ सालीं बुगाटी या कारखान्यानें लियॉंच्या शर्यतीसाठीं ॲल्युमिनियमचीं ओतीव चाकें केलीं. आज ज्यांना अलॉय व्हील म्हणतात त्यांची ही पूर्वज मंडळी होय. त्यांतील खुबी अशी कीं, ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला असे. चाक काढलें कीं ड्रमही हातांत येई आणि आंतले जोडे उघडे पडत. घर आणि भाडेकरू यांचा तंटा त्यानें दोघांना एकच करून मिटविला. ही तोड सुंदर होती, पण महाग होती. सामान्य मोटारीनें दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेवर ऑफसेटचा खरा जन्म झाला.

प्रथम ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. वळणाऱ्या पुढच्या चाकांना ब्रेक लावणें धोक्याचें, अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. १९२० नंतर ती मागें पडली, आणि १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडीनें चारही चाकांना तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक दिले. आतां पुढचें चाक ज्या उभ्या खिळीभोंवतीं वळतें, ती किंगपिन, मधला हब आणि त्याभोंवतींचा ड्रम, अशी तीन माणसें एका खोलींत आलीं. किंगपिनची रेषा खालीं वाढविली असतां ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या जवळपास पोंचावी लागते. ती दूर पडली तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्टेअरिंगवर येऊन चालकाच्या हाताला हिसका बसतो. म्हणून चाक आंत, किंगपिनच्या अंगावर घ्यावयाचें. पण आंत तर ड्रम ठाण मांडून बसलेला! तेव्हां चाकाची तबकडी बाहेर फुगविली, हबवर ती बाहेरच्या बाजूस टेकविली, आणि कडें ड्रमभोंवतीं आंत ओढून घेतलें. एस. टी. च्या पुढच्या चाकाचें तें फुगलेलें पोट याच तडजोडीचें चिन्ह आहे.

या तडजोडीनें बनलेल्या मोटारी हिंदुस्थानांत तयार व्हाव्यात असा ध्यास ज्यांनीं घेतला, त्यांत सोलापूरचा एक पुत्र अग्रभागीं होता. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. घरचा धंदा सोडून त्यांनीं फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या आरंभीच्या कामांपैकीं एक याच बार्शी लाइट रेल्वेचें होतें. जहाजें, विमानें आणि मोटारी या तिन्ही गोष्टी येथेंच व्हाव्यात, ही त्यांची जिद्द पुढें जगाला दिसली. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होता. १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळले. ८ एप्रिल १९५३ रोजीं वालचंद निवर्तले. पण फियाट ११०० व तिचीच पुढची आवृत्ति पद्मिनी महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या दारांत अनेक दशकें उभी होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या रूपानें तर ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

त्या फियाटचें चाक बदलण्याचा विचारही कोणाच्या मनांत येत नसे. गाडीसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून थांबावें लागे. मिळाली ती डोक्यावर घ्यावयाची. साध्या पोलादी चाकावर मधोमध एक चकचकीत टोपी, एवढीच हौस. या दारिद्र्यांत एक अजाणतें शहाणपण होतें: ज्या चाकाचा व ज्या ब्रेकचा विवाह कारखान्यानें लावून दिला, तो मोडण्याचें साधनच बाजारांत नव्हतें.

तें साधन पुढें आलें. इकडे ब्रेकही बदलला. ड्रमच्या बंद पेटींत उष्णता कोंडते व उतारावर ब्रेक दमतो. म्हणून उघडी चकती दोन बाजूंनीं चिमट्यांत धरण्याची युक्ति, जिचें पेटंट लँचेस्टर या इंग्रज शोधकानें १९०२ सालींच घेतलें होतें, ती अर्धें शतक थांबून पुढें आली. १९५३ सालच्या ल मांच्या शर्यतींत जॅग्वार गाड्या डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकल्या; १९५५ सालीं सिट्रोएन कंपनीनें ते विक्रीच्या गाडीस दिले. चकती पातळ असते. पण तिला धरणारा कॅलिपर हा ओबडधोबड, एका अंगास फुगलेला असतो. ड्रम गोल असल्यामुळें त्याच्याभोंवतीं फट सर्वत्र सारखी असे. कॅलिपरचें तसें नाहीं. तो एका ठिकाणीं कड्याच्या आंतल्या पाठीजवळ जातो आणि दुसऱ्या ठिकाणीं आऱ्यांच्या मागच्या अंगाजवळ जातो. म्हणून आतां एक फट सांभाळून भागत नाहीं, दोन सांभाळाव्या लागतात.

सोलापुरांत काय, पुण्यांत काय, हल्लीं नवी मोटार घेतली कीं पुष्कळांना तिचीं चाकें साधीं वाटूं लागतात. तरुण मुलगा दुकानांत जातो, रुंद अलॉय व्हील पसंत करतो, बोल्टांचीं भोकें जुळतात, टायर मडगार्डांत मावतो, आणि सौदा होतो. चाकाच्या पाठीमागें ईटी हीं अक्षरें व पुढें एक आंकडा कोरलेला असतो, त्याकडे कोणी पाहत नाहीं. तीं अक्षरें आइनप्रेसटीफे या जर्मन शब्दाचीं. अर्थ, आंत दाबल्याची खोली. ४५ आंकडा असला तर कड्याची मध्यरेषा बैठकीपासून ४५ मिलिमीटर आंत आहे असें समजावें.

शाळेंतल्या त्रैराशिकाहूनही सोपा असा हा हिशेब एकदां करून पाहण्यासारखा आहे. समजा, मूळ चाक साडेपांच इंच, म्हणजे सुमारें १४० मिलिमीटर रुंद असून त्याचा आंकडा ४५ आहे. रुंदीचा अर्धा भाग ७०. त्यांत ४५ मिळविले तर कड्याची आंतली कड बैठकीपासून ११५ मिलिमीटर आंत येते. ७० मधून ४५ वजा केले तर बाहेरची कड २५ मिलिमीटर बाहेर राहते. नवें चाक ७ इंच, म्हणजे सुमारें १७८ मिलिमीटर, आणि आंकडा ३५. अर्धा भाग ८९. आंतली कड १२४ वर गेली, बाहेरची ५४ वर. म्हणजे चाक एकाच वेळीं ९ मिलिमीटर आंत शिरलें व २९ मिलिमीटर बाहेर आलें! बाहेर आलें तें डोळ्यांना दिसतें व आवडतें. आंत शिरलें तें सस्पेन्शनच्या दांड्याला कधीं घांसूं लागेल, तें पूर्ण वळण घेतल्याशिवाय कळत नाहीं.

एवढा हिशेब जमला तरी ब्रेकचा प्रश्न सुटत नाहीं, ही या विषयांतली सर्वांत फसवी जागा आहे. रुंदी, व्यास व ऑफसेट हे तिन्ही आंकडे कडें कोठें आहे तें सांगतात. आरे कोठें आहेत तें सांगत नाहींत. दोन चाकांचे तिन्ही आंकडे तंतोतंत सारखे असूनही एकाचे आरे बाहेर कमानदार असतात व दुसऱ्याचे सरळ आंत उतरतात. पहिलें कॅलिपरवरून सहज फिरतें, दुसरें त्याला टेकतें. हें आंकड्यांवरून नव्हे, प्रत्यक्ष बसवून आणि तपासूनच ठरवावें लागतें. जाणते कारागीर कॅलिपरच्या उंच भागांवर मऊ मेण थापतात, चाक बसवून हळूच एक फेरा फिरवितात, काढतात, आणि मेणाची उरलेली जाडी मोजतात. निदान ३ मिलिमीटर फट असावी असा त्यांचा सामान्य दंडक आहे.

ही मोजणी कधीं करावयाची, यालाही महत्त्व आहे. बहुतेक मोटारींचा कॅलिपर सरकता असतो: दट्ट्या फक्त आंतल्या बाजूस, आणि बाहेरचें पॅड कॅलिपरच्या बोटांनीं आंत ओढलें जातें. पॅड झिजत जातें तशीं तीं बोटें चकतीकडे, म्हणजे चाकाच्या आऱ्यांपासून दूर सरकतात. उलट, नवें पॅड घातलें कीं तीं पुन्हां बाहेर येतात. झिजलेल्या पॅडांवर नवें चाक बसविलें आणि फट पुरेशी वाटली, तर कांहीं महिन्यांनीं पॅड बदलतांच तेंच चाक कॅलिपरला खरवडूं लागेल. ब्रेक दुरुस्त करून आणल्यावर आवाज आला म्हणून गॅरेजवाल्यास दोष दिला जातो. चूक झालेली असते ती चाक घेतलें त्या दिवशीं. तोल साधण्यासाठीं कड्याच्या आंत चिकटविलेले शिशाचे अथवा लोखंडाचे तुकडेही अशाच रीतीनें फट खातात.

फट कमी पडली तर हब व चाक यांच्यामध्यें स्पेसर नांवाची चकती घालून चाक बाहेर सरकविण्याचा उपाय सुचविला जातो. त्यानें ब्रेकला जागा मिळते, हें खरें. पण बोल्ट तेवढेच राहिले तर त्यांचे जितके आटे आंत बसत होते त्यांहून कमी बसतात. आणि चाक बाहेर गेल्यानें बेअरिंगवर पडणारा ताण तरफेच्या नियमानें वाढतो, ही तर स्टेपनीच्या वेळचीच कथा. याहून सूक्ष्म परिणाम ब्रेकवर होतो. १९७२ सालच्या ऑडी ८० या गाडीपासून अनेक कारखान्यांनीं किंगपिनची रेषा मुद्दाम टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकविली आहे. ब्रेकच्या तेलाचे दोन मार्ग कोनाकोनी विभागलेले असतात. त्यांपैकीं एक निकामी झाला तर पुढचें एकच चाक धरतें, आणि गाडी एकीकडे ओढली जाते. रेषा बाहेर असली म्हणजे ही ओढ स्टेअरिंग आपोआप उलट वळवून सांवरते. चाक बाहेर सरकविलें कीं टायरचा मध्य रेषेच्या बाहेर जातो, आणि सांवरणारा हातच ढकलणारा होतो. रोजच्या चालण्यांत हें कोणास कळणारही नाहीं. ज्या दिवशीं नळी फुटेल त्या दिवशीं कळेल.

कायद्यानेंही यांत लक्ष घातलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकानें करूं नये. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडक रीतीनें लाविला. तथापि कायद्याचा शिपाई चाकाच्या आंत डोकावून कॅलिपरची फट मोजीत नाहीं.

या सर्व प्रकरणांत ज्याची आठवण शेवटीं होते तें स्टेपनीचें चाक होय. ज्यांनीं मोठीं अलॉय व्हील घेतलीं आणि त्यांत जागा झाली म्हणून पुढें ब्रेकही मोठे बसविले, त्यांच्या डिकींत जादा चाक मात्र कारखान्यानें दिलेलें, पोलादी व लहान घेराचें, तेंच राहतें. रात्रीच्या वेळीं पुण्याहून सोलापुरास येतांना मोहोळच्या अलीकडे पंक्चर झालें, जॅक लागला, बोल्ट निघाले. आणि मग दिसतें कीं, हें चाक नव्या कॅलिपरवर चढतच नाहीं, शिवाय अलॉयचे बोल्ट पोलादी चाकाच्या भोकांत नीट बसत नाहींत. मागचें एखादें चांगलें चाक काढून पुढें लावावें आणि स्टेपनी मागें घालावी, एवढाच मार्ग अशा वेळीं उरतो. तोही मागचा ब्रेक जुनाच ठेविला असेल आणि मूळचे बोल्ट डिकींत जपून ठेविले असतील तर.